डबा एफएलपी आहे, पण जागेला जुळतो का?

इथेनॉलचे टँकर भरतात त्या जागी एका खांबावर जंक्शन बॉक्स, म्हणजे विजेच्या तारा जोडायचा डबा, होता. ओतीव ॲल्युमिनियमचा, जाडजूड; एफएलपी, म्हणजे ज्वालाग्राही वाफेच्या जागी वापरायच्या फ्लेमप्रूफ प्रकारातला. झाकणाला आठ बोल्ट हवेत, होते तीन. झाकण आणि डबा यांच्यामधल्या फटीत कुणीतरी पांढरं सिलिकॉन भरून बोटानं सारवून घेतलं होतं, अगदी नीटनेटकं. विचारल्यावर जुने वायरमन आप्पा म्हणाले, "पावसाचं पाणी आत जात हुतं साहेब. आता थेंब जायचा न्हाई."

आप्पांनी मनापासून काम केलं होतं. पण त्या सिलिकॉनमुळे आणि नसलेल्या पाच बोल्टांमुळे तो डबा साध्या डब्याहूनही धोक्याचा झाला होता, कारण साध्या डब्यावर निदान कुणी भरवसा ठेवत नाही. यात दोष आप्पांचा नाही. 'हा एफएलपी डबा आहे' एवढंच त्यांना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. तो नेमकं काय करतो, हे कुणी सांगितलंच नाही.

आता हे सांगण्याची गरज वाढली आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं धोरण आलं आणि कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगरच्या साखरपट्ट्यात कारखान्यांच्या शेजारी आसवनी (डिस्टिलरी) आणि इथेनॉलच्या टाक्या उभ्या राहिल्या. उसाच्या मिलवर आयुष्य काढलेली माणसं आता ज्वालाग्राही द्रवाच्या टाक्यांजवळ काम करतात. मोटारी, दिवे, स्टार्टर, लेव्हल मोजणारी यंत्रं यांची खरेदी बहुतेक वेळा 'एफएलपी पाहिजे' या दोन शब्दांवर होते. ते दोन शब्द पुरेसे का नाहीत, ते पाहू.

रुपयाच्या नाण्याएवढी ठिणगी

घरात सिलिंडर गळत असेल तर दिव्याचं बटण चालू किंवा बंद, काहीही करू नका, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. बटणात ठिणगी पडते म्हणून. पण ती ठिणगी किती मोठी असावी लागते?

रुपयाचं नवं नाणं साधारण तीन ग्रॅमचं असतं. ते टेबलापासून एक सेंटिमीटर वर धरून सोडलं, तर टेबलावर आदळताना त्याच्यात जेवढी ऊर्जा असते तेवढी, म्हणजे सुमारे ०.३ मिलिज्यूल, विजेच्या ठिणगीतून मिळाली की हवेत योग्य प्रमाणात मिसळलेला मिथेन पेटतो. प्रोपेनला त्याहून जरा कमी पुरते. हायड्रोजनला तर त्याचा पंधरावा हिस्सा बास होतो. बटणातली, कॉन्टॅक्टरमधली (मोटार चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचमधली) ठिणगी याच्या कितीतरी पट मोठी असते. म्हणून 'बारीकशी ठिणगी आहे, काय होतंय' हे वाक्य या जागेत चालत नाही.

दुसरी बाजू प्रमाणाची. वाफ फार विरळ असली तर पेटत नाही, फार दाट असली तरीही पेटत नाही. इथेनॉलची वाफ हवेत साधारण ३ ते १९ टक्के असते तेव्हाच धोका असतो. आता बंद टाकीत द्रवाच्या वर किती वाफ साठते ते तापमानावर ठरतं. पेट्रोलच्या टाकीत ती सहसा इतकी दाट होते की वरच्या मर्यादेच्याही पलीकडे जाते. इथेनॉलचं तसं नाही. साधारण १२ अंशांपासून ते ४० अंशांच्या थोडं पुढेपर्यंत बंद टाकीतली वाफ नेमकी त्या पेटणाऱ्या पट्ट्यात असते. म्हणजे आपल्याकडे बहुतेक वर्षभर, दिवसा आणि रात्री. पेट्रोलच्या डेपोवर काम केलेल्या माणसाचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू पडत नाही, तो यामुळे. मला विचाराल तर इथेनॉल प्रकल्पावर नव्यानं रुजू होणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट हीच. तिच्या जोडीला आणखी एक: इथेनॉलची ज्योत फिकट निळी असते, भर उन्हात ती दिसतही नाही.

दोन पत्रिका जुळवायच्या

उपकरण निवडणं म्हणजे दोन पत्रिका जुळवणं आहे. एक जागेची, दुसरी उपकरणाची. सगळा घोळ होतो तो जागेची पत्रिका न मांडताच उपकरण पसंत केल्यामुळे.

जागेच्या पत्रिकेत चार घरं असतात. पहिलं घर झोनचं, म्हणजे स्फोटक मिश्रण त्या जागी किती वेळ असतं त्याचं. सतत किंवा दीर्घकाळ असेल तर झोन ०. इथेनॉल टाकीची आतली बाजू ही तशी जागा. नेहमीच्या कामात अधूनमधून होणं अपेक्षित असेल तर झोन १. टाकीच्या व्हेंटभोवतीची (वाफ बाहेर सोडणाऱ्या तोंडाभोवतीची) किंवा टँकर भरताना उघड्या तोंडाजवळची जागा. नेहमीच्या कामात होत नाही, झालंच तर थोडा वेळ, तर झोन २; व्यवस्थित सील असलेल्या पंपाभोवतीची मोकळी हवेशीर जागा. ढोबळ हिशोब असा करतात की वर्षात हजार तासांहून जास्त म्हणजे ०, दहा ते हजार तास म्हणजे १, दहा तासांहून कमी म्हणजे २. ही विभागणी वायरमननं किंवा खरेदी विभागानं अंदाजानं करायची नसते. प्रक्रिया समजणारे आणि सुरक्षा समजणारे लोक एकत्र बसून 'एरिया क्लासिफिकेशन ड्रॉइंग' काढतात. तो नकाशा तुमच्या कारखान्यात कुठे ठेवलाय ते एकदा विचारा. तो कपाटात कुलपात असेल आणि देखभालीच्या माणसानं तो कधी पाहिलाच नसेल, तर तो काढल्याचा उपयोग शून्य.

दुसरं घर वायूच्या गटाचं आणि तिसरं तापमानाच्या वर्गाचं. या दोघांची फार गल्लत होते म्हणून जरा थांबून सांगतो. आग दोन तऱ्हांनी लागते: ठिणगीनं किंवा तापलेल्या तव्यानं. गट सांगतो की हा वायू ठिणगीला किती हळवा आहे. वर्ग सांगतो की किती तापलेल्या पृष्ठभागाला टेकल्यावर तो ठिणगीशिवायच पेटतो.

खाणीतल्या मिथेनचा गट एक. कारखान्यांचा गट दोन, त्याचे तीन भाग: ए म्हणजे प्रोपेनसारखे, बी म्हणजे इथिलीनसारखे, सी म्हणजे हायड्रोजन आणि ॲसिटिलीन. ए पासून सी कडे जाताना हळवेपणा वाढतो. पाटीवर हे आयआयए, आयआयबी, आयआयसी असं कोरलेलं दिसतं.

तापमानाचे सहा वर्ग आहेत. टी१ च्या उपकरणाचा पृष्ठभाग ४५० अंशांपर्यंत तापू शकतो, टी२ चा ३००, टी३ चा २००, टी४ चा १३५, टी५ चा १०० आणि टी६ चा फक्त ८५. आकडा वाढतो तसा उपकरण थंड राहण्याचा नियम कडक होतो.

हे दोन्ही एकमेकांपासून किती स्वतंत्र आहेत ते पाहा. हायड्रोजन ठिणगीला सगळ्यांत हळवा, पण तव्यानं पेटायला त्याला ५०० अंशांहून जास्त लागतात, म्हणून तो सी गटात असूनही टी१ मध्ये. ईथर गटानं बी, पण दोनशेच्याही खालच्या तापमानाला पेटतो, म्हणून टी४. कार्बन डायसल्फाइड दोन्हीकडून वाईट: गट सी आणि वर्ग टी६, कारण शंभरच्या आतल्या तापमानालाही त्याची वाफ पेटू शकते. वाफेची गरम नळीसुद्धा त्याला पुरते.

आपलं इथेनॉल साडेतीनशे अंशांच्या वर पेटतं, म्हणून टी२. त्याचा गट मात्र काठावरचा आहे. गट ठरवायला एक प्रयोग करतात: दोन कप्पे, मध्ये २५ मिलिमीटर लांबीची अरुंद फट, एका कप्प्यात स्फोट घडवायचा आणि जास्तीत जास्त किती रुंद फटीपर्यंत आग पलीकडे जात नाही ते पाहायचं. प्रोपेनसाठी ही रुंदी ०.९२ मिलिमीटर, इथिलीनसाठी ०.६५, हायड्रोजनसाठी ०.२९. ए आणि बी यांच्यातली सीमा ०.९ ला आहे आणि इथेनॉलचा आकडा ०.८९. मिलिमीटरच्या शंभराव्या भागानं ते आंतरराष्ट्रीय यादीत बी मध्ये आलं. अमेरिकी पद्धतीच्या यादीत ते प्रोपेनच्याच गटात धरतात. म्हणून परदेशी माहितीपत्रक पाहून 'ए चालेल' असं लिहिलेली खरेदीची ऑर्डर समोर आली तर ती परत पाठवा.

चौथं घर भोवतालच्या तापमानाचं. त्याकडे पुन्हा येतो.

गॅस आत शिरतोच

आता उपकरणाची पत्रिका. एफएलपी म्हणजे फ्लेमप्रूफ, पाटीवर 'डी' अक्षर. लोकांना वाटतं की या जाड डब्यात गॅस शिरत नाही, म्हणून तो सुरक्षित. आप्पांनाही तेच वाटत होतं, म्हणूनच तर सिलिकॉन भरलं. खरं याच्या उलट आहे. दिवसा डबा तापतो, आतली हवा फुगून बाहेर जाते. रात्री थंड होतो, बाहेरची हवा आत ओढली जाते. डबा श्वास घेतो. आज ना उद्या वाफ आत जाणार, कॉन्टॅक्टरची ठिणगी पडणार आणि आतल्या आत स्फोट होणार, हे गृहीत धरूनच हा डबा बनवलेला असतो.

मग तो वाचवतो कसा? दोन गोष्टींनी. एक, भिंती आणि बोल्ट त्या स्फोटाचा दाब सोसतात. दोन, झाकण आणि डबा यांच्यामधल्या धातूच्या फटीतून जळते वायू बाहेर पडतात, पण त्या लांब, अरुंद वाटेनं येताना धातू त्यांची उष्णता शोषून घेतो आणि बाहेर येईपर्यंत ते पेटवण्याइतके गरम उरत नाहीत. शाळेच्या प्रयोगशाळेतला बर्नर आठवा. त्यावर तारेची जाळी धरून जाळीच्या वरचा गॅस पेटवला तर ज्योत वरच राहते, खाली उतरत नाही. १८१५ साली हम्फ्री डेव्हीनं खाणकामगारांसाठी केलेला दिवा याच तत्त्वावर चालायचा.

म्हणजे ती फट हा दोष नसून तोच या डब्याचा जीव आहे. ती ठरलेल्या मापाची, स्वच्छ, धातूला धातू लागलेली असली पाहिजे. तिच्यात सिलिकॉन किंवा घरी कापलेलं रबरी पॅकिंग घातलं की झाकण वर उचललं जातं आणि वाट रुंद होते. रंगाचा थर नको, खोल गंज नको, स्क्रूड्रायव्हरनं झाकण उचकटल्याचा ओरखडा नको. पाण्यासाठी उपाय आहेच: न सुकणारं योग्य ग्रीस, आणि विकत घेतानाच पाणी-धुळीचं रेटिंग असलेला डबा, ज्याचं रबर कंपनीनं वाटेच्या बाहेर वेगळ्या खाचेत बसवलेलं असतं. बोल्ट आठ म्हणजे आठ, आणि प्रमाणपत्रात लिहिलेल्या ताकदीचे. हार्डवेअरच्या दुकानातला हाताला आलेला बोल्ट इथे चालत नाही.

एक बारीक गोष्ट अनेक अनुभवी माणसांच्याही नजरेतून सुटते. डब्याची ही फट भिंतीला किंवा लोखंडी खांबाला चिकटून आली तर बाहेर पडणारे वायू नीट पसरून थंड होत नाहीत. म्हणून बी गटासाठी फटीसमोर किमान ३० मिलिमीटर आणि सी गटासाठी ४० मिलिमीटर जागा मोकळी हवी.

ठिणगीच इतकी अशक्त की पेटवू शकत नाही

दुसरी पद्धत मला सगळ्यांत देखणी वाटते: इंट्रिन्सिक सेफ्टी, बोलीभाषेत 'आयएस', पाटीवर 'आय' अक्षर. इथे जाड डबा नाही. तारांमधली वीजच इतकी कमी ठेवायची की तार तुटली, शॉर्ट झाली, तरी पडणारी ठिणगी वाफेला पेटवू शकणार नाही.

या विचाराची सुरुवात एका घंटीपासून झाली. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधल्या सेंघेनिडच्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला. ४३९ खाणकामगार गेले, बचावाला उतरलेला एक जणही गेला. तिथे इशारा द्यायला बोगद्यातून दोन उघड्या तारा नेलेल्या असत. त्या एकमेकींना टेकवल्या की वर घंटी वाजायची. बॅटरीवरची साधी घंटी, तिची ठिणगी कोण मनावर घेणार? पण चौकशीत संभाव्य कारणांमध्ये तिचं नाव आलं आणि 'किती वीज निर्धोक' याचा शास्त्रीय शोध तिथून सुरू झाला.

आज इथेनॉलच्या टाकीत बसणारा लेव्हल ट्रान्समीटर याच पद्धतीचा असतो. झोन ० मध्ये नेहमीचा फ्लेमप्रूफ डबा चालत नाही. तिथे 'आयए' दर्जा लागतो, म्हणजे एकाच वेळी दोन बिघाड झाले तरी निर्धोक. यात चूक होते ती दुसऱ्या टोकाला. कंट्रोल रूममध्ये त्या तारेच्या तोंडाशी बॅरियर बसवलेला असतो, तो वीज मर्यादेत ठेवतो. टाकीवरचा ट्रान्समीटर आयएस घेतला आणि बॅरियर भलताच घेतला, किंवा कुणी तो 'सिग्नल येत नाही' म्हणून काढून सरळ तार जोडली, तर महागडं यंत्र साधं होऊन बसतं. या पद्धतीत उपकरण, तार आणि बॅरियर मिळून एक संच असतो आणि हिशोब संचाचा करायचा असतो.

बाकीच्या पद्धती थोडक्यात. 'ई' म्हणजे ठिणगी पडणारा भागच आत ठेवायचा नाही आणि जोड इतके पक्के करायचे की ते तापणार-सुटणार नाहीत. 'पी' म्हणजे पॅनेलमध्ये स्वच्छ हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवायचा, वाफ आत येऊच शकत नाही. 'एम' म्हणजे सर्किट रेझिनमध्ये बुडवून टाकायचं.

पाटी वाचायची कशी

समजा मोटारीच्या पाटीवर कोरलंय: ईएक्स डीबी आयआयबी टी४ जीबी. ईएक्स म्हणजे स्फोटक वातावरणासाठी. डीबी म्हणजे फ्लेमप्रूफ. आयआयबी म्हणजे बी गटापर्यंतच्या वायूंना चालेल, त्यात ए आलंच, सी नाही. टी४ म्हणजे १३५ अंशांच्या वर तापणार नाही. शेवटचं जीबी म्हणजे संरक्षणाची पातळी: जीए झोन ० ला, जीबी झोन १ ला, जीसी झोन २ ला, आणि वरची पातळी खालच्या झोनला चालते. टँकर भरण्याच्या झोन १ मध्ये, इथेनॉलसाठी, ही मोटार बसते. पत्रिका जुळली.

प्रमाणपत्राच्या क्रमांकाच्या शेवटी कधी एक्स हे अक्षर असतं. फुलीसारखं ते अक्षर दिसलं की थांबायचं. त्याचा अर्थ, वापराच्या खास अटी आहेत आणि त्या प्रमाणपत्राच्या आतल्या पानावर लिहिल्या आहेत. उदाहरणार्थ, प्लास्टिकच्या झाकणाला कोरडं फडकं लावायचं नाही, ओल्या फडक्यानंच पुसायचं, कारण घासल्यानं स्थिर वीज साठते. दिवाळीच्या साफसफाईत दिवे पुसणाऱ्या माणसाला ही अट कुणी सांगते का? यू हे अक्षर असेल तर तो फक्त सुटा भाग आहे. त्याच्या एकट्याच्या जिवावर काहीही बसवता येत नाही.

प्रमाणपत्र कुणाचं?

आपल्या देशात पेट्रोलियमच्या धोक्याच्या जागेत वापरायच्या विद्युत उपकरणांना पेसोची, म्हणजे पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संगठनाची मान्यता लागते. हे कार्यालय आपल्या नागपुरात आहे. १८९८ साली स्थापन झालेला विस्फोटक विभाग तो हाच. नियम २००२ च्या पेट्रोलियम नियमावलीतले, चाचण्यांची मानकं आयएस/आयईसी ६००७९ या मालिकेतली (इथे आयएस म्हणजे इंडियन स्टँडर्ड, इंट्रिन्सिक सेफ्टी नव्हे). धनबादच्या सिम्फरसारख्या प्रयोगशाळेत डब्यात खरोखर वायू भरून स्फोट घडवून पाहतात. खाणींसाठी मान्यता वेगळी, ती धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची.

इथे पुरवठादार एक युक्तिवाद करतो: "साहेब, माल युरोपचा आहे, ॲटेक्स आहे, आणि काय हवं?" ॲटेक्स हा युरोपीय संघाचा कायदा आहे. तो माल चांगला असेलही, पण युरोपातला शिक्का आपल्याकडच्या मान्यतेची जागा घेत नाही. कागद हातात आला की मॉडेलचा क्रमांक पाटीवरच्या क्रमांकाशी अक्षर न अक्षर ताडून पाहा. त्याच कंपनीच्या थोरल्या भावाचं प्रमाणपत्र धाकट्याच्या पाटीला जोडलेलं मी पाहिलंय.

"सगळीकडे आयआयसी टी६ च घेऊन टाकू"

हा आक्षेप प्रामाणिक असतो. सगळ्यांत कडक घेतलं की डोक्याला ताप नाही. पण आयआयसी टी६ चा फ्लेमप्रूफ डबासुद्धा झोन ० मध्ये चालत नाही. झोनचा प्रश्न गटानं सुटत नाही. शिवाय टी६ पाळायचं तर तेवढ्याच डब्यात कमी शक्तीचं यंत्र बसतं, म्हणजे डबा मोठा, किंमत जास्त. सी गटाच्या फटी अधिक बारीक, त्या सांभाळायला अधिक निगुतीची माणसं लागतात. जास्तीचे पैसे तिथे घालण्यापेक्षा देखभालीवर घातलेले मला परवडतात.

सगळ्यांत स्वस्त उपाय तर निराळाच आहे: उपकरण त्या जागेत ठेवूच नका. स्टार्टर पॅनेल टाक्यांजवळ कशाला हवं? शंभर फूट मागे, साध्या जागेत न्या. पंपाजवळ फक्त पुश बटण ठेवा. दहा एफएलपी डबे घ्यायचे ते दोनावर येतं. हे गणित आराखडा काढतानाच मांडावं लागतं, भिंती उभ्या राहिल्यावर नाही.

"वीस वर्षं साधा बल्ब होता, काही झालं नाही"

हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा ऐकलं आहे आणि ते खोटं नाही. स्फोटाला दोन गोष्टी एकाच क्षणी, एकाच जागी लागतात: वाफ आणि ठिणगी. वीस वर्षांत त्या दोघींची गाठ पडली नाही एवढंच ते वाक्य सांगतं. साधा बल्ब तिथे रोज हजर असतो. वाफ एकदाच यायची असते.

२९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी जयपूरजवळच्या सीतापुऱ्यातल्या पेट्रोल डेपोत व्हॉल्व्हच्या कामात गळती सुरू झाली. सुमारे सव्वा तास पेट्रोल उडत राहिलं, वाफेचा ढग आवारभर पसरला आणि पेटला. अकरा जणांचा जीव गेला. चौकशी समितीनं पेटण्याच्या दोन शक्यता नोंदवल्या: कार्यालयाच्या इमारतीतलं फ्लेमप्रूफ नसलेलं एखादं विद्युत उपकरण, नाहीतर सुरू केलेली गाडी. ती इमारत टाक्यांपासून दूर होती. म्हणून हेही तेवढ्याच स्पष्टपणे सांगितलं पाहिजे की प्रमाणित उपकरणं नकाशावर आखलेल्या जागेपुरतं रक्षण करतात. मोठी गळती नकाशाची रेघ ओलांडते. गळती थांबवणं, वायू ओळखणारे सेन्सर बसवणं, गाड्या आणि वीजपुरवठा वेळीच बंद करणं ही कामं कोणताही डबा करू शकत नाही.

पत्रिका जुळली, तरी संसार बिघडतो

चौथ्या घराकडे येतो. पाटीवर भोवतालच्या तापमानाचा उल्लेख नसेल तर उपकरण उणे २० ते ४० अंशांसाठी तपासलेलं असतं. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि उन्हात टांगलेला डबा हवेपेक्षाही तापतो. इथेनॉलच्या बाबतीत टी४ आणि प्रत्यक्ष पेटण्याचं तापमान यांत भरपूर अंतर आहे, त्यामुळे लगेच घाबरायला नको. पण सील, एलईडीचा ड्रायव्हर, आयएस उपकरणाचे आतले भाग यांची परीक्षा ४० ला झालेली असते. ऑर्डर देतानाच '५० अंश भोवतालासाठी' असं लिहिलं तर तसा माल मिळतो.

दुसरी गोष्ट व्हीएफडीची. वीज वाचवायला चालू मोटारीला गती कमीजास्त करणारा ड्राइव्ह लावतात. गती कमी झाली की मोटारीवरचा पंखाही मंद होतो आणि मोटार तापते. सरळ वीजपुरवठ्यावर टी४ असलेली मोटार ड्राइव्हवर टी४ राहीलच असं नाही. त्या वापरासाठी ती तपासलेली असावी लागते आणि गुंडाळीत तापमान पाहणारा थर्मिस्टर हवा.

तिसरी ग्लँडची. मोटार लाखाची घेतात आणि केबल आत जाते तिथे साधा ग्लँड लावतात. डब्याला चार भोकं असतात, वापरात दोन. उरलेल्या दोनांत प्लास्टिकचं बूच. डबा जितका भक्कम तितकंच त्याचं प्रत्येक भोक भक्कम हवं: प्रमाणित ग्लँड, प्रमाणित प्लग, किमान पाच आटे पूर्ण बसलेले.

आणि रात्री टाकीवर चढून झाकण उघडून डिप मारताना (पट्टी बुडवून पातळी मोजताना) हातात धरलेली साधी बॅटरी. तिची पाटी कुणी वाचत नाही, ती खिशातून येते. मोबाइलचंही तेच.

साखरेची धूळ

आसवनीकडे पाहताना शेजारचं साखरेचं गोदाम विसरलं जातं. साखरेची बारीक पूड हवेत उडाली की तीही स्फोटक असते. ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थच्या साखर शुद्धीकरण कारखान्यात असाच स्फोट झाला, १४ कामगार गेले. पट्ट्याचा कन्व्हेयर पत्र्यानं बंद केला होता, आत धूळ साठली आणि तपास संस्थेच्या मते बहुधा तापलेल्या बेअरिंगनं ती पेटली.

धुळीसाठी झोन २०, २१, २२ आणि गट तीन, साखरेसाठी आयआयआयबी. वायूसाठीची एफएलपी मोटार इथे आपोआप चालत नाही. कारण धुळीचा धोका निराळा आहे: ती आत शिरू द्यायची नसते, आणि ती मोटारीवर गोधडीसारखी बसते. गोधडीखाली मोटार तापत जाते आणि थर स्वतःच धुमसू लागतो. म्हणून इथल्या पाटीवर 'टी' अक्षर (हे धूळ आत न शिरू देणाऱ्या डब्याचं, तापमानाच्या वर्गाचं नव्हे) आणि थेट अंशांतलं तापमान पाहायचं, आणि झाडू हे इथलं पहिलं सुरक्षासाधन.

आप्पांचा तो डबा आम्ही खाली काढला. सिलिकॉन खरवडल्यावर झाकणाच्या कडेला नखभर खोल गंजाचे खड्डे दिसले, म्हणून तो भंगारात गेला. नवा बसवताना आप्पांनी खांबाच्या बाजूला लोखंडी पट्टी लावून तो पुढे काढून घेतला, फटीसमोर चार बोटं जागा सोडली आणि आठही बोल्ट आळीपाळीनं, समोरासमोर आवळले. मग त्यांनी स्टोअरमधून त्याच मापाचे आणि ताकदीचे सोळा बोल्ट जादा मागवून घेतले.